नव्वदवर आणलेलं हृदय

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या हातांच्या बोटांची टोकं बधिर झाली आहेत. मधुमेहाचं देणं. जेवताना, लिहिताना अडत नाही. अडतं ते सेप्टिक शॉकच्या पेशंटच्या पायापाशी. गुडघा गार की कोमट, हे आता खात्रीनं कळत नाही. आणि धावणारं हृदय औषधानं आवरावं की नाही, हे मी इतकी वर्षं याच बोटांना विचारत आले.

२०१३मध्ये रोमहून मोरेल्ली यांचा अभ्यास आला. सेप्टिक शॉकचे १५४ पेशंट, चोवीस तासांच्या उपचारांनंतरही हृदयाची गती ९५च्या वर. निम्म्यांना एस्मोलोल हा हृदय सावकाश करणारा बीटा ब्लॉकर देऊन ती ८० ते ९४मध्ये ठेवली. अठ्ठावीस दिवसांत त्यांच्यातले ४९ टक्के गेले, उरलेल्या गटातले ८० टक्के. तो ८०चा अवाजवी मोठा आकडाच मला खटकायला हवा होता. खटकला नाही, कारण ते खरं असावं असं मला मनापासून वाटत होतं. शॉकमध्ये बीटा ब्लॉकर देणारी आमच्या भागातली पहिली डॉक्टर मला व्हायचं होतं.

पुढच्याच वर्षी भाताच्या खाचरातून आलेला एक तरुण शेतकरी. लेप्टोस्पायरोसिस. प्रेशर टिकवायला नॉरॲड्रेनलिन चालू, गती १३८. पाय कोमट लागले. आदल्या दिवशीचा इको ठीक होता, म्हणून मी नवा करून घेतला नाही. एस्मोलोलचा पंप लावला. गती ९०वर आली आणि मी मॉनिटरचा फोटो काढला, परिषदेत दाखवायला. तासाभरात प्रेशर कोसळलं. एस्मोलोल नऊ मिनिटांत निम्मं उतरतं, हाच त्याचा मोठा दिलासा. पंप बंद केला, औषध उतरलं. प्रेशर चढलं नाही. लेप्टोनं रात्रीतून हृदयाचा स्नायू पकडला होता. दर ठोक्याला जेमतेम रक्त बाहेर पडत होतं आणि ती उणीव ते वेगानं भरून काढत होतं. तो वेग मी काढून घेतला. फोटो अजून माझ्याकडे आहे.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीभोवती फिरते आहे. १३०, १३० आणि १३०. एक हृदय धावतं कारण नळ्यांत पाणी कमी आहे. दुसरं धावतं कारण शरीरातल्या ॲड्रेनलिनवर आपण वरून नॉरॲड ओतलं आहे. दोन ठोक्यांमध्ये त्याला भरायलाच वेळ मिळत नाही. तिसरं त्या शेतकऱ्याचं. औषध फक्त दुसऱ्याचं. पण एकच पेशंट सकाळी दुसरा असतो आणि संध्याकाळी तिसरा.

१३० दिसताच मेटोप्रोलोलची गोळी लिहून निघून जाणाऱ्या तज्ज्ञांचा मला अजून राग येतो. पंप बंद करता येतो, पोटात गेलेली गोळी परत घेता येत नाही. ब्रिटनमध्ये याच जातीच्या लँडिओलोलचा अभ्यास १२६ पेशंटांवर थांबवावा लागला. २०२३मध्ये निकाल छापून आला : औषध घेतलेल्यांत ३७ टक्के मृत्यू, न घेतलेल्यांत २५. तरुण सहकारी म्हणतात, विषय संपला. मला तसं वाटत नाही. रोममध्येही आणि ब्रिटनमध्येही पेशंट निवडले ते मुख्यतः गतीच्या आकड्यावर. ते हृदय का धावतंय, हे निवडताना पुरेसं विचारलं गेलं नाही. पण माझं हे म्हणणं विज्ञानातून येतं की त्या फोटोतून, हे मला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात लघवीच्या संसर्गानं शॉकमध्ये गेलेल्या एक आजी होत्या. दुसरा दिवस, गती १३४. माझी रेसिडेंट प्रोब लावून म्हणाली, "मॅडम, आकुंचन छान आहे. भरायला वेळ मिळत नाहीये." मी गुडघा विचारला. "कोमट." पूर्वी मी तिला बाजूला करून स्वतः हात लावला असता. मॉनिटरपेक्षा माझी बोटं शहाणी, असं मी राउंडवर कितीतरी जणांना ऐकवलं आहे. या वेळी ताशी २५ मिलिग्रॅमवर पंप सुरू करायला सांगितला. वीस मिनिटांनी १२१. खालचं प्रेशर जागच्या जागी, इकोत दर ठोक्याचं रक्त थोडं वाढलेलं.

"वाढवू का, मॅडम?"

मी गुडघ्यावर हात ठेवला. काहीच कळलं नाही.

"आधी बोट दाबून बघ," मी म्हटलं. "मोठ्यानं मोज."

तिनं आजींच्या बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत दाबून धरलं, मग सोडलं आणि मोजू लागली. मी रंग परतण्याची वाट बघत तिच्या शेजारी वाकून उभी राहिले.