काठाची रेघ

पाणी ओळखायला कुणाला शिकवावे लागत नाही. रानातून परतणारी म्हैस ते दुरून ओळखते, बगळा आभाळातून ओळखतो आणि नुकते चालू लागलेले पोर तर त्यात हात घातल्यावाचून राहत नाही. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मी पोरांकडून नद्यांची नावे पाठ करून घेतली. पण 'नदीत पाणी असते' हे सांगायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. ज्याला हा पहिला धडाही द्यावा लागतो असा एकच विद्यार्थी मला भेटला. तो म्हणजे संगणक.

त्याची माझी गाठ घालून दिली माझ्या भाच्याने. तो पुण्याला नोकरी करतो आणि फावल्या वेळात 'फ्लाइट सिम्युलेटर'साठी भूदृश्ये रचतो. घरच्या खुर्चीत बसून पडद्यावर विमान हाकायचे, असा हा खेळ. खाली जी जमीन दिसते ती विमानातून किंवा उपग्रहातून टिपलेली खरीखुरी छायाचित्रे; उंचसखल भूमीवर गोधडीसारखी अंथरलेली. यंदा उन्हाळ्यात तो धर्मापुरीला आला आणि आपल्या आजोळचे गावही या गोधडीत असावे असे त्याने मनावर घेतले. केदारेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ झाले, किल्ला झाला, आणि गाडी तळ्यापाशी येऊन अडली. "मामा, काठ तेवढा तुम्ही दाखवा," तो म्हणाला.

छायाचित्रातले पाणी म्हणजे नुसता रंग. त्यावर लाट उठत नाही, ऊन चमकत नाही. पाण्यावर उतरणारे विमान तिथे फरशीवर आदळल्यासारखे आदळते. म्हणून छायाचित्राच्या जोडीला दुसरे काळेपांढरे चित्र द्यावे लागते. त्याला 'मास्क' म्हणतात. भाच्याच्या पद्धतीत पांढरे ती जमीन आणि काळे ते पाणी. रेघ जरा चुकून वर सरकली, की तळे बिनदिक्कत टेकडी चढू लागते!

यंत्राला पाणी ओळखायला शिकवण्याची एक सोपी रीत आहे. झाडेझुडपे अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतात; तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पाणी तो गिळून टाकते. 1996 साली मॅकफीटर्स नावाच्या संशोधकाने हिरव्या प्रकाशातून हा निकटचा अवरक्त प्रकाश वजा करून त्या दोघांच्या बेरजेने भागायला सांगितले. उत्तर शून्याच्या वर आले, की बहुधा पाणी. सातवीच्या पोराला जमेल असे हे गणित! पण भाच्याजवळची छायाचित्रे साधी रंगीत. म्हणजे सारी भिस्त रंगावर आली. आणि आमच्या मराठवाड्यात रंग मोठा लबाड. ओली काळी जमीन वरून पाण्यासारखी भासते, ढगाची सावली तळ्यासारखी. उलट पावसाळ्यातले गढूळ पाणी नांगरटीसारखे दिसते आणि जलपर्णीने झाकलेले तळे हिरव्यागार कुरणासारखे.

तरीही ही कोडी चिकाटीने सुटतात. खरे कोडे पुढेच होते. छायाचित्र फाल्गुनातले होते; पाणी निम्मे ओसरलेले. भाच्याने बांधाची उंची धरून तळे काठोकाठ भरले आणि निळ्या लाटा सोडल्या. तेवढ्यात माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील दाखल्यासाठी घरी आले होते, ते पडद्याकडे वाकून पाहू लागले. मूळ छायाचित्र पाहून त्यांनी एका तुकड्यावर बोट ठेवले.

"मास्तर, तिथं माझी ज्वारी हाय की!"

आपल्याकडे तलाव ओसरू लागला, की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात. तिला गाळपेर म्हणतात. काठाची रेघ जसजशी आत सरकते, तसतसे कुणाच्या तरी घरचे जोंधळे पिकतात. भाच्याच्या लाटा नेमक्या त्या ज्वारीवरून खेळत होत्या.

"मग पाणी कमी करू का?" भाच्याने विचारले.

"पाणी येऊ द्या, बापू," गृहस्थ हसून म्हणाले, "पर सुगी झाल्यावर!"

हसण्यावारी गेले, पण मला ते विसरता येईना. नकाशावर एकदा लिहिले, की त्या दुनियेत तेच खरे होते. मेलबर्नमधल्या एका दुमजली घराचे मजले नकाशात चुकून 212 पडले, आणि 2020 साली तशाच एका नव्या खेळात तिथे आकाशाला भिडणारा सुळका उभा राहिला. घराचे मजले निदान ऋतूप्रमाणे बदलत नाहीत. तळ्याला मात्र एक काठ कधीच नसतो. मांजरा धरण 2016 साली आटले आणि त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या महिन्यातले छायाचित्र वापरणाऱ्याने मांजरेच्या काठाची रेघ कुठे ओढावी?

याच वर्षी युरोपातल्या संशोधकांनी एक मोठे काम प्रसिद्ध केले. 1984 ते 2015 या काळातली 'लँडसॅट' उपग्रहांची तीस लाख छायाचित्रे तपासून त्यांनी पृथ्वीवरच्या पाण्याचा नकाशा केला. 'इथे पाणी आहे काय?' एवढ्यावर ते थांबले नाहीत. 'किती वेळा होते?' हे त्यांनी विचारले. मला हा प्रश्न ओळखीचा वाटला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका विहिरीचे वर्णन असेच करतात: ही संक्रांतीपर्यंतची, ती होळीपर्यंतची, आणि ती एक बाराही महिन्यांची.

शेवटी भाच्याने दोन मास्क केले. एक आश्विनातला, एक फाल्गुनातला. पहिल्यात विमान पाण्यावर उतरेल. दुसऱ्यात वैमानिकाला ज्वारीवरून जरा उंच उडावे लागेल. दोन्ही काठ त्या गृहस्थांनी आणि मी मिळून बोटाने दाखवले.

हे लिहितो आहे तो श्रावण आहे. दिवाळीचा फराळ पुढ्यात घेऊन तुम्ही हे वाचाल, तेव्हा आमच्या तळ्याचा काठ कुठे असेल, हे ना भाच्याला ठाऊक ना मला. आज सकाळपासून मात्र आभाळ भरून आले आहे.