आईचा दुसरा फोटो

आमच्या आईचे आयुष्यात दोनच फोटो धड निघाले. पहिला लग्नानंतरचा, तालुक्याच्या स्टुडिओतला. आई रंगाने काळी. स्टुडिओवाल्याने ब्रशाने तिचा चेहरा असा काही उजळला की आम्ही भावंडे विचारायचो, "ही कोण बाई?" आई हसायची, पण तो फोटो तिने कायम ट्रंकेच्या तळाशीच ठेवला.

दुसरा मी काढला.

2006 सालच्या एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त आमच्या वस्तीत डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट दोन रात्री दाखवला. दोन बांबूंना पांढरे कापड, भाड्याचा प्रोजेक्टर, खाली सतरंज्या. मी तेव्हा सुटीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढीत असे. कॅमेरा रिळाचा. पहिल्या रात्री सवयीने फ्लॅश मारला. दुसऱ्या दिवशी प्रिंट हातात आल्या, तर पडदा कोरा आणि माणसे दचकलेली! फ्लॅशचा उजेड पडद्यावरचे चित्र धुऊन टाकतो, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

दुसऱ्या रात्री फ्लॅश काढूनच ठेवला. 400 एएसएचे रीळ, लेन्स पूर्ण उघडी. कॅमेऱ्याचे मीटर अशा वेळी फसते. पडद्याचा लख्ख उजेड पाहून ते म्हणते, उजेड पुष्कळ आहे. आणि माणसे काळी ठिक्कर येतात. आपल्या सावळ्या माणसांचे तर नाकडोळेही दिसत नाहीत. म्हणून पुढे जाऊन एका आजींच्या गालावरचा उजेड मोजला आणि मागे, प्रोजेक्टरशेजारी आलो. शटर सेकंदाचा पंधरावा भाग. एवढ्या वेळात हात हलतोच, म्हणून कॅमेरा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकवला. शटर जलद ठेवूनही भागत नाही. पुष्कळ प्रोजेक्टरांत रंगीत चकती फिरते, एकेक रंग पाळीपाळीने पडतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोटोत रंगाचे पट्टे येतात.

महाडच्या चवदार तळ्याचा प्रसंग सुरू होता. शेजारणीचे रांगते पोर पडद्याकडे निघाले. त्याला धरायला आई उठली, कडेवर घेऊन वळली आणि नेमकी झोतात सापडली. "मावशी, खाली बसा!" मागून ओरडा झाला. तिच्या पांढऱ्या साडीवर तळे आणि माणसे. गर्द साडी असती तर तिने चित्र गिळले असते. उजेडाने डोळे दिपून ती क्षणभर थांबली. मी बटण दाबले.

36 फोटोंपैकी तीन कामाचे निघाले. तिचा दाणेदार, कडेला हललेला. पण चेहरा तिच्याच रंगाचा. आईने प्रिंट दिव्याखाली धरली. "आरं, ही तर मीच हाय."

आता मोबाईलवर हे काम सोपे झाले आहे, तरी सांगतो. रात्रीच्या फोटोचा पर्याय अनेक फोटो एकत्र करतो, त्यात अंगावरचे हलते चित्र फिसकटते. आणि चेहरा गोरा करणारा पर्याय पुष्कळ मोबाईलमध्ये आधीच चालू असतो. तो पहिल्यांदा बंद करावा.

आई 2019 साली गेली. पुण्यानुमोदनासाठी फोटो मोठा करायला दिला. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, चेहरा थोडा उजळतो. आणि साडीवरचे डागही पुसतो." त्याला बसवून सगळी हकीकत सांगितली. त्याने फोटो जसा होता तसाच मोठा करून दिला, आणि एक प्रिंट स्वतःसाठी मागून घेतली.