नायलॉनचा काढा

रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही काय करता? झोपता? म्हणजे नॉर्मल आहात. मी सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर हातात रिमोट घेऊन उभी असते. वय अठ्ठावीस, मास कॉमची डिग्री, फ्रीलान्स पत्रकार आणि छंद काय, तर आरसी कार! नोकरी सोडल्यावर पहिला मोठा चेक आला, तो या इलेक्ट्रिक बग्गीतच गेला.

बाबांना दोन्ही पटलं नव्हतं. नोकरी सोडणंही आणि गाडीही. ‘एवढी ताठ राहू नकोस, मोडशील,’ एवढंच म्हणाले. मीही उलट बोलले. त्यानंतर सात-आठ महिने आमचा संवाद ‘जेवलीस?’ आणि ‘दार लावून घे’ यापलीकडे गेला नाही.

मोडली मात्र गाडी. तीन रविवारांत तिसऱ्यांदा! चाक गाडीला जोडून ठेवणारा पुढचा प्लास्टिकचा हात, ज्याला आम्ही ए-आर्म म्हणतो, फुटपाथच्या कडेवर आपटला आणि कट्कन तुटला. नवी जोडी साडेसातशे रुपयांना. आणि फ्रीलान्सरचं पेमेंट कधी येतं, ते विचारू नका.

तुटका तुकडा डायनिंग टेबलवर पडला होता. बाबांनी चष्मा लावून त्याची कड न्याहाळली. भोसरीच्या मोल्डिंग शॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस!

‘नायलॉन आहे. वाकायच्या आधीच तुटलंय. कोरडं आहे गं. नवे पार्ट उकळून घे.’

मला वाटलं, टोमणा मारतायत. पण ते उठले, आईचं चहाचं पातेलं घेतलं आणि गॅस पेटवला. पाणी उकळेपर्यंत जेवढं बोलले, तेवढं वर्षभरात बोलले नव्हते. नायलॉनचे दाणे मशीनमध्ये घालण्याआधी चांगले सुकवावे लागतात, नाहीतर माल खराब निघतो. पण तयार पार्टला ती ओल परत द्यावी लागते. ‘कडक म्हणजे मजबूत नव्हे. मार खाऊन वाकतं, ते टिकतं.’

सवयीप्रमाणे मी क्रॉस-चेक केलं. वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन बनवलं. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. पाणी मध्ये शिरलं की ही पकड सैल होते, साखळ्या सरकू शकतात आणि धक्का पचतो. एरवी हवेतूनही नायलॉन हळूहळू ओल घेतंच. उकळल्याने ते काम पटकन होतं, इतकंच.

तर फंडा असा. स्क्रू, बेअरिंग काढून टाका. पार्ट अर्धा तास उकळा, पण पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. गरम असताना ते मऊ असतात, त्यामुळे ओढाताण नको. त्याच पाण्यात निवू द्या, रात्रभर राहिले तरी उत्तम. पार्ट थोडा लवचीक होतो, म्हणजे वळणावर गाडी किंचित सैल वाटेल. तेवढं चालवून घ्या. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ओल पुन्हा उडते, म्हणून सुटे पार्ट ओल्या फडक्यासोबत झिपच्या पिशवीत ठेवा.

आणि हो, दिसेल ते प्लास्टिक उकळू नका! वरची पारदर्शक बॉडी पॉलिकार्बोनेटची असते, तिला हा काढा मानवत नाही. तिच्या कोपऱ्यांना आतून, पीओपीच्या सांध्यांवर लावतात ती फायबरची जाळीदार टेप लावा आणि त्यावर बुटांचा रबरी गोंद थापा.

पुढच्या रविवारी बाबा प्लॉटवर आले. ‘सहज,’ म्हणाले. तिसऱ्याच फेरीत गाडी त्याच कडेवर धाडकन आदळली. मी डोळे मिटले. उघडले, तेव्हा बाबा गुडघ्यावर बसून ए-आर्म बोटांनी वाकवून बघत होते. पांढरा ओरखडा पडला होता. तुटला नव्हता.

घरी येताना त्यांनी विचारलं, ‘हल्ली कशावर लिहितेस?’ मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नोकरीचा विषय काढला नाही. पटलंय असंही म्हणाले नाहीत. मीही ताणलं नाही.

आईने मात्र जाहीर केलं, ‘ते पातेलं आता तुमचं दोघांचं. माझ्या चहाला नवीन आणा.’