कोण शेजारी आहे त्यावर दुखणं ठरतं!

भेटेल त्याला मी सध्या उंदरांच्याच गोष्टी सांगत सुटलोय. घरचे वैतागलेत. पण सांगू नको तर काय करू? कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल वेदनेवर संशोधन करतात. त्यांचे प्रयोग वाचताना मला एका जागी बसवेना!

उंदराच्या पोटात ॲसेटिक ॲसिडचं पातळ द्रावण टोचलं की पोट दुखतं आणि तो अंग पिळवटतो. किती वेळा पिळवटतो ते मोजायचं. (वाचताना माझ्याच पोटात कालवलं, पण थांबवतही नव्हतं.) २००६ साली त्यांनी दोघादोघांना टोचून समोरासमोर ठेवलं. एकाच पिंजऱ्यात राहणारे सोबती असले, तर दोघंही एकट्याने सोसताना पिळवटायचे त्याहून जास्त पिळवटले. अनोळखी असले तर तसं काहीच नाही! मधे आडोसा घालून एकमेकांना दिसू दिलं नाही, की सोबत्यांमधलाही तो परिणाम गेला. म्हणजे बघून दुखणं वाढत होतं. उंदराचं!

मग परक्याचं दुखणं का लागत नाही? खरी मजा पुढेच. परका जवळ आला की ताण चढतो, ताणाची संप्रेरकं वाढतात. २०१५ मध्ये त्यांनी मेटिरापोन हे औषध देऊन ती संप्रेरकं तयारच होऊ दिली नाहीत, आणि परक्या उंदराची वेदनाही लागू लागली! विद्यार्थ्यांचे हात बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिलं, तिथेही तेच. औषधाची तरी गरज कशाला? दोन अनोळखी विद्यार्थ्यांना पंधरा मिनिटं ‘रॉक बँड’ हा व्हिडिओ गेम एकत्र खेळू दिला, तेवढ्यानेही काम झालं.

एवढ्यावर थांबतील तर ते संशोधक कसले. वेदनेत उंदीर डोळे बारीक करतो, गाल-नाक फुगवतो, कान मागे ओढतो. पण खोलीत पुरुष असला की हे तोंड वेडंवाकडं करणं कमी होतं, बाई असली तर नाही. बरं, पुरुष हजरही नको, त्याने रात्री झोपताना घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरे! २०१४ चा हा शोध. नुसत्या नरवासाने उंदराला तीन मिनिटं जबरदस्तीने पोहायला लावल्याइतका ताण येतो आणि तीव्र ताण वेदना दाबतो. दुखणं बरं झालेलं नसतं, भीतीखाली दबलेलं असतं.

म्हणजे वेदनाशामकांच्या कितीतरी जुन्या चाचण्यांमध्ये उंदीर कोणी हातात धरला होता, यानेही आकडे हलले असणार. तशी नोंद सहसा कोणी करतच नसे. संशोधकाने आपण स्त्री की पुरुष हे निबंधात लिहावं, असं आता ही मंडळी म्हणतात. मी तर म्हणतो, शर्ट कधी धुतला तेही लिहा!