दोन रुपयांचा चेक

"मॅडम, इकॉनॉमिक्स म्हणजे नुसत्या व्याख्या हो!"

दरवर्षी अकरावी कॉमर्सची नवी बॅच आली की हे वाक्य ऐकायला मिळतंच. मी सोलापुरात घरीच शिकवण्या घेते, हे इथे नेहमी येणाऱ्यांना आणि आमच्या घरच्या मंडळींना माहीत आहे. मुलांचं म्हणणं तसं खोटं नाही. मागणी म्हणजे काय, पुरवठा म्हणजे काय, लवचिकता म्हणजे काय... दोन-दोन ओळी पाठ करायच्या आणि पेपरात उतरवायच्या. पण हे शब्द खरोखर कुठे राहतात ते बघायचं असेल तर पुस्तक मिटून आपल्या मार्केट यार्डात जावं लागतं. म्हणून गेली दोन-तीन वर्षं मी सुरुवातीलाच फळ्यावर एक हिशोब लिहिते.

हिशोब फेब्रुवारी २०२३ मधला आहे. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सुमारे सत्तर किलोमीटरवरून सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव लागला किलोला १ रुपया. म्हणजे झाले ५१२ रुपये. त्यातून मोटारभाडं, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा. शिल्लक २ रुपये ४९ पैसे. वरचे ४९ पैसे गळले आणि हातात पडला २ रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा! बातमी देशभर गाजली. सगळे हळहळले, थोडे दिवस चर्चा झाली आणि मग नेहमीप्रमाणे विसरले.

माझ्या डोक्यात मात्र हा हिशोब घर करून बसला. कारण पहिल्या वर्षाचा जवळजवळ अख्खा अभ्यासक्रम त्यात आहे.

सुरुवात मागणीपासून. भाव उतरला की मागणी वाढते, हा नियम. पण कांदा दोन रुपयांनी मिळतो म्हणून आमच्या पोह्यात काही दुप्पट कांदा पडत नाही. आणि साठ रुपये झाला म्हणून भाकरीबरोबरचा कांदा कोणी एकदम सोडतही नाही, फार तर निम्मा चिरतो. यालाच पुस्तकात कमी लवचिक मागणी म्हणतात. परिणाम असा की बाजारात माल थोडा जास्त झाला तर भाव थोडा नाही, धाडकन पडतो. कारण जास्तीचा कांदा खाणार कोण?

आता पुरवठा. भाव वाढला की पुरवठा वाढतो, हाही नियमच. पण जानेवारी-फेब्रुवारीत यार्डात येणाऱ्या कांद्याचा पुरवठा ठरतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, रोपं लावली तेव्हा. तेव्हा शेतकऱ्यासमोर भाव असतो मागचा. मागच्या वर्षी बरा भाव मिळाला की सगळेच कांदा लावतात, माल एकदम येतो, भाव कोसळतो. मग पुढच्या वर्षी लावणारे कमी, की भाव पुन्हा चढतो. निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ साली या फेऱ्याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं, कारण आलेख काढला की तो तसाच दिसतो. जाळ्यात कोण अडकतं ते सांगायला नकोच.

आमचे एक मामा कांदा करतात. मी त्यांना विचारलं, "मामा, भाव नाही तर माल ठेवून का देत नाही?"

ते म्हणाले, "बाई, उन्हाळी कांदा चाळीत टिकतो. हा फेब्रुवारीतला महिनाभरसुद्धा धड राहत नाही. कोंब फुटतो, नासतो."

"मग भाव बघून तरी आणायचा..."

"भाव लिलावात कळतो. तोवर गोण्या यार्डात उतरलेल्या असतात. परत न्यायच्या तर पुन्हा भाडं कोण देणार?"

मामांनी 'बुडीत खर्च' हा शब्द कधी ऐकला नसेल. पण बियाणं, खत, काढणीची मजुरी, गाडीभाडं हे सगळं झालेलं असतं, ते आता परत येणार नाही, आणि समोर फक्त दोन रस्ते आहेत... मिळेल ते घ्या, नाहीतर खिशातून आणखी घाला. त्या शेतकऱ्याने दोन रुपये घेतले ते यामुळेच.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उत्पादनाचे घटक चार: भूमी, श्रम, भांडवल, संयोजक. त्यांचे मोबदले खंड, वेतन, व्याज आणि नफा. हे सगळ्यांचं तोंडपाठ असतं. पण पहिले तिघे आपला मोबदला आधी ठरवून घेतात. चौथ्याला उरेल ते. हमालाने गोणी उचलली, त्याची पाठ भाव बघून कमी-जास्त दुखत नाही, त्यामुळे त्याची हमाली रास्तच. गाडीला डिझेल लागतंच. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. पण मग भावाचा सगळा धक्का एकट्यावर येतो. गणित करून बघा. भाव १ ऐवजी २ रुपये असता, तर तेवढाच खर्च वजा जाऊन ५१४ रुपये ४९ पैसे उरले असते. भाव दुप्पट, पण शिल्लक दोनशेपटीहून जास्त! उलट्या दिशेनेही हे असंच चालतं.

गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग ते दोन रुपये म्हणजे नफा का?" मी म्हटलं, नाही गं. वजा झाला तो नुसता आणण्या-विकण्याचा खर्च. पिकवण्याचा खर्च, जमिनीचा खंड, घरच्या माणसांची मजुरी अजून हिशोबात धरलेलीच नाही. ती धरली की हा तोटाच. वर्ग जरा वेळ गप्प होता.

पुढे मार्चमध्ये राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. पण त्याच वर्षी भाव चढू लागले तेव्हा ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. ती मे २०२४ पर्यंत उठली नाही, आणि शुल्क पूर्ण गेलं ते एप्रिल २०२५ मध्ये. ग्राहक मीही आहे. साठ रुपयांचा कांदा मलाही नको असतो. पण ज्याला उरेल ते घ्यायचं आहे, त्याला पडत्या भावात तोटा सोसायला लावायचा आणि चढत्या भावात हात बांधायचे, हे कुठल्या व्याख्येत बसतं? एका वर्षाचा खड्डा दुसऱ्या वर्षी भरून काढायचा, एवढाच तर त्याचा विमा असतो.

पुस्तकात प्रत्येक नियमाआधी एक वाक्य असतं, 'इतर परिस्थिती कायम असताना'. मुलं ते घाईत गाळतात आणि मी मार्क कापते. खरं तर यार्डातून पट्टी घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारावं, ही इतर परिस्थिती शेवटची कधी कायम होती ते...

तुमच्यापैकी कुणाच्या घरी कांदा, टोमॅटो, द्राक्ष पिकत असेल तर एखाद्या पट्टीचा हिशोब मला जरूर कळवा. फळ्यावर जागा आहे.