दिसणें आणि पाहणें

आगगाडी मोठ्या नदीच्या पुलावर आली कीं डब्यांतील कुणी हात जोडतो, कुणी खिडकींतून पाण्यांत पैसा टाकतो. तो सारा मान नदीला मिळतो. ज्याच्या पाठीवरून आपण पलीकडे जातों त्या पुलाची आठवण मात्र कुणालाच होत नाहीं. ती होते पूल पडल्यावर! २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीच्या पुरांत इंग्रजी अमदानींतील दगडी पूल कोसळला, आणि एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह नाहींशा झाल्या. तेव्हांपासून पूल तपासण्याच्या विद्येविषयीं मला विलक्षण कुतूहल वाटूं लागलें आहे.

पुलाच्या पोटाखालचा सांधा पाहायचा म्हणजे परांची बांधावी लागे, नाहींतर दोरावर लोंबकळावें लागे. आतां 'ड्रोन' नांवाचें चिमुकलें विमान तेथें सहज शिरतें, खांबाभोंवतीं घिरट्या घालतें आणि कोनाकोपऱ्यांचीं चित्रें टिपून आणतें. पाण्याखालीं नदीनें पायाची माती किती पोखरली, हें त्याला कळत नाहीं. परंतु माणसाचा जीव टांगणीला लागत नाहीं, हा लाभ कांहीं लहान नव्हे.

या कौतुकाबरोबरच अमेरिकेंतील मेंफिस शहराची हकीकतहि वाचली पाहिजे. तेथें मिसिसिपी नदीवर १९७३ सालीं खुला झालेला हर्नांडो डी सोटो पूल आहे. मे २०२१ मध्यें त्याच्या एका मुख्य पोलादी तुळईला मोठा तडा गेलेला तपासनिसांना आढळला. पुलावरील वाहतूक तत्काळ थांबविण्यांत आली. मग जुनीं चित्रें चाळतांना असें निघालें कीं, ड्रोननें मे २०१९ मध्यें घेतलेल्या चलच्चित्रांत त्याच जागचा बिघाड दिसत होता! मधल्या दोन वर्षांत रोज हजारों गाड्या त्या तुळईच्या भरंवशावर नदी ओलांडीत होत्या.

यंत्राला दिसलें, पण तें कुणी पाहिलें नाहीं. दिसायला प्रकाश पुरतो. पाहायला मन लागतें. आपल्या घरांत तरी निराळें काय घडतें? रोज डोळ्यांसमोर वावरणाऱ्या वडिलांचीं पावलें केव्हां मंदावलीं, हें आपल्याला सांगतां येत नाहीं. चार वर्षांनीं आलेला पाहुणा मात्र उंबऱ्यांतूनच विचारतो, "नाना, इतके कां हो वाळलांत?" संवयीनें डोळ्यांवर येणारा हा पडदा चित्रांची संख्या वाढवून कसा दूर होणार? उलट चित्रांचा ढीग जसजसा वाढतो, तसतसें एकेका चित्राच्या वांट्याला येणारें लक्ष कमी होत जातें.

ड्रोन अवश्य उडवावें. पण त्यानें आणलेल्या चित्रांपुढें असा माणूस बसवावा, कीं ज्याचीं स्वतःचीं मुलें उद्यां सकाळीं त्याच पुलावरून शाळेंत जाणार आहेत.