अर्धं पदक

फ्लॉरेन्समध्ये आमच्या वाट्याला दोनच दिवस आले. त्यांतला पहिला मायकेलँजेलोच्या 'डेव्हिड'पुढल्या रांगेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. म्हणाली, "आज पुतळे पुरेत. मला ते मुलांचं घर बघायचंय." मुंबईहून निघतानाच तिनं ते मनाशी ठरवलं होतं, हे मला तेव्हा कळलं!

अनुन्त्सियाता चौकाच्या एका अंगाला नऊ कमानींची लांब, प्रसन्न ओसरी आहे. रेशीम-व्यापाऱ्यांच्या संघानं पैसा घातला आणि ब्रुनेलेस्कीनं 1419 मध्ये काम सुरू केलं. कमानींच्या वर, निळ्या वर्तुळांत, भाजलेल्या मातीची गोजिरवाणी बाळं आहेत. त्यांतली मूळची दहा आन्द्रेआ देल्ला रोब्बियानं 1487 च्या सुमारास घडवली. सगळी बाळंत्यांत गुंडाळलेली. पण एकाचं बाळंतं सुटत आलेलं.

"याला नीट बांधलेलं नाही हो," सौ. म्हणाली. शिल्पकलेवर मी तयार ठेवलेलं भाषण तिथंच विरलं.

5 फेब्रुवारी 1445 रोजी इथं पहिलं मूल आलं. मुलगी होती. तो दिवस संत आगाताचा, म्हणून तिचं नाव आगाता ठेवलं. आरंभी मूल ठेवायला दगडी पात्र होतं. पुढं ओसरीच्या टोकाला जाळीची खिडकी झाली. गजांमधून तान्हं बाळ तेवढं आत सरकावं, थोरलं मूल नव्हे, इतकंच अंतर! आतल्या माणसानं बाहेरच्या आईचं तोंड पाहू नये, अशी सोय. पुष्कळशी मुलं खेड्यांतल्या दायांकडे दूध प्यायला जात, आणि फार मोठ्या संख्येनं दगावत. हे सांगायला हवं, नाहीतर कमानींच्या सौंदर्यानं आपण फसतो.

2016 साली नव्यानं उघडलेल्या संग्रहालयात भिंतभर छोटे खण आहेत. एकेका खणावर एकेका मुलाचं नाव. खण ओढला की आत चिमूटभर ऐवज: मणी, फीत, क्रूस आणि पुष्कळदा एखादं अर्धं पदक. होय, अर्धंच, मुद्दाम तोडलेलं. एक तुकडा बाळाच्या अंगावर, दुसरा आईबापांपाशी. पुढंमागं दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून मूल ओळखता यावं. काही मुलं परत नेलीही गेली. पण या खणांतले तुकडे अजून अर्धेच आहेत.

आपण सहज 'टाकलेलं मूल' म्हणतो. जिला टाकायचंच आहे, ती पदक कशाला तोडील?

सौ. एका खणापाशी फार वेळ उभी होती. तिच्या आईचे वडील पंढरपूरच्या आश्रमातून दत्तक आणलेले. घरात सगळ्यांना ठाऊक, आणि बोलायचं कुणीच नाही. मुंबईच्या प्रार्थना समाजानं 1875 साली तो आश्रम काढला. केशवपन झालेल्या, वाकडं पाऊल पडलेल्या म्हणून घराबाहेर काढलेल्या विधवांनी तिथं बाळंत व्हावं आणि मूल जिवंत ठेवून जावं, हा हेतू. त्याआधी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये असंच घर उघडलं होतं. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढं डॉक्टर झाला. काशीबाईंचं नाव निदान उरलं, सौ.च्या पणजीचं तेवढंही नाही.

योगायोग असा की फ्लॉरेन्सची खिडकी बंद झाली तीही 1875 सालीच.

आता आपल्याकडं 2015 च्या कायद्यानं मूल सोपवणाऱ्या आईबापांना बाल कल्याण समितीपुढं लिहून द्यावं लागतं, आणि मग फेरविचाराला दोन महिने मिळतात. दोन महिने! पदकापेक्षा ते बरं की वाईट, मला ठरवता येईना. पदकाला मुदत नव्हती; पण ते जुळवायला घरी अन्न हवं, नाहीतर समाज तरी बदलायला हवा.

बाहेर ओसरीत ऊन उतरलं होतं. पायऱ्यांवर शाळेची मुलं पाव खात बसली होती. टोकाची ती खिडकी सौ.नं वाकून पाहिली, गजांमधलं अंतर बोटांनी मोजलं.

"आजोबांच्या आईनं काय ठेवलं असेल हो, त्यांच्यापाशी?"

मी म्हटलं, "काही ठेवलं असेलच."

"मग ते कुणी काढून घेतलं?" ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरू लागली.